चारशे बारा जणांची एकच उंची

कागदावर मोकळी जागा दिसली की मला धडधडतं. सत्तावीस वर्षं जळगावच्या सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळणाऱ्या माणसाचं दुसरं काय होणार? मोकळ्या जागेत उद्या कोण काय लिहील, याचा नेम नाही. लिहायला काही नसेल तर आडवी रेघ मारावी, 'निरंक' लिहावं, पण जागा सोडू नये. आमच्या लग्नाच्या पत्रिकेत 'कार्यवाहक' या शब्दाखाली दोन बोटं जागा रिकामी राहिली होती, तिथे मी दोनशे पत्रिकांवर पेनाने रेघ मारली होती. सौ. सुनंदाबाई अजून त्याचा उल्लेख करतात, आणि कौतुकाने करत नाहीत.

लोक मला संशयी म्हणतात. मी स्वतःला चौकस म्हणतो. आमची मुलगी चारुलता बी.सी.एस. झालेली, जळगावातच एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. नव्व्याण्णव साली तिला सव्विसावं लागलं, आणि तोवर तिची सहा स्थळं माझ्या चौकशीपायी मोडली होती. सगळा दोष माझा नव्हता. भुसावळच्या मुलाची पदवी खरी की खोटी, हे त्याच्या कॉलेजला रजिस्टर पोस्टाने विचारलं तर त्यात रागावण्यासारखं काय आहे? चोपड्याच्या मुलाच्या न्हाव्याला मी फक्त एवढंच विचारलं, की केस मूळचे काळे की केलेले. न्हावी निघाला त्यांच्या घरोब्यातला. एरंडोलच्या मुलामागे मी दोन दिवस सायकलवर फिरलो, तिसऱ्या दिवशी तोच थांबला आणि म्हणाला, "काका, मी घरी चाललोय, तुम्हीही जा." तेव्हापासून समाजात माझं नाव 'चौकशी अधिकारी' पडलं, आणि चारूचा बायोडाटा पाठवला की लोक पाकीट न फोडता विचारायचे, "जीवराम चौधरीची का?" मुलीच्या लग्नाला बापच आडवा आला, असं सुनंदाबाई देवासमोरसुद्धा म्हणायच्या, आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या.

त्याच साली जानेवारीत फैजपूरला आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाची सभा भरली. मंडळ दरवर्षी उपवर मुलामुलींची छापील सूची काढतं. मी सभेत उभा राहून त्या सूचीतल्या अकरा चुका दाखवल्या. एका मुलीचं शिक्षण 'बी.ए. (नापास नाही)' असं छापलं होतं, ते तर मी दोनदा वाचून दाखवलं. अध्यक्ष तोतारामआबा केळीचे मोठे बागाईतदार. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जीवराम, तुले सगयं समजते ना? मंग आता तूच कर. लोकं म्हंतात आता इंटरनेटवर टाकतात. तुही पोरगी कॉम्प्युटरवाली आहे. टाक सगये पोरंपोरी तिच्यावर."

आमच्याकडे सभेत जो चूक काढतो त्याच्याच गळ्यात काम पडतं. म्हणून तर आमच्या सभा इतक्या शांततेत पार पडतात. तरी मी हो म्हटलं, आणि का म्हटलं ते लपवत नाही. चारशे घरांत माझं नाव मंडळाचा कामसू माणूस म्हणून गेलं, तर 'चौकशी अधिकारी' पुसलं जाईल, आणि चारूचं पान थेट अमेरिकेतल्या मुलांपर्यंत पोचेल. तिकडच्या न्हाव्यांना गाठणं मला परवडणारंही नव्हतं.

घरी येऊन चारूला सांगितलं. तिने डोक्याला हात लावला नाही, हे तिचं चांगलं. कागद घेतला आणि म्हणाली, "पप्पा, आधी एक ठरवावं लागेल. पान म्हणजे नुसता मजकूर नाही. नाव कुठे ठळक, फोटो कुठे, चौकट कुठे, याच्या खुणा मजकुरात घालाव्या लागतात. त्या खुणांना एचटीएमएल म्हणतात. आता चारशे पानांत त्या कशा घालायच्या, याचे तीन रस्ते आहेत."

"तीनच?" मी विचारलं. कमी सांगितलं की मला वाटतं चौथा कुणासाठी तरी राखून ठेवलाय.

"तीनच. एक, प्रत्येक पान हाताने वेगळं बनवायचं. दोन, प्रोग्राममध्येच खुणा लिहायच्या, म्हणजे प्रोग्राम चालला की तोच पान लिहून काढतो. तीन, साचा वेगळा ठेवायचा. पान एकदाच बनवायचं, नावाच्या जागी नावाचं ठिकाण, उंचीच्या जागी उंचीचं. प्रोग्राम यादीतून एकेकाची माहिती आणतो आणि त्या-त्या ठिकाणी बसवतो. मला तिसरा बरा वाटतो."

मला तिन्ही संशयास्पद वाटले. हाताने पानं बनवली तर कुणाची पोरगी वर, कुणाची खाली, कुणाला मोठा फोटो, यावरून समाजात दुफळी माजणार. प्रोग्रामातच खुणा मिसळल्या तर ती खिचडी. तिच्यातला खडा फक्त जिने शिजवली तिलाच सापडणार, आणि ती उद्या लग्न होऊन गेली की मंडळ उपाशी. आणि साचा? साचा म्हणजे भोकं पाडलेला कोरा फॉर्म. कोरा फॉर्म उघड्यावर ठेवायचा आणि कुठल्यातरी प्रोग्रामने येऊन तो भरायचा, हे ऐकूनच मी पेनाचं टोपण काढलं. मी रीतसर तुलनात्मक तक्ता केला. फायदे, तोटे, जबाबदार व्यक्ती, शेरा असे चार रकाने. पंधरा दिवस तक्ता भिंतीवर होता. शेऱ्याच्या रकान्यात तिन्ही ठिकाणी 'विचाराधीन' लिहिलं होतं.

तक्ता भिंतीवर आणि दार उघडं, म्हणजे शेजाऱ्यांना आमंत्रणच. समोरचे रुपचंद लग्नपत्रिका छापतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तक्ता वाचला. "हा तिसरा धंदा आम्ही बापजाद्यांपासून करतो. मजकूर जुळवून ठेवलेला असतो. गणपती तोच, श्लोक तोच, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' तेच. नावं तेवढी काढायची, नवी घालायची."

"मग चूक होत नाही?" मी डोळे बारीक करून विचारलं.

"एकदाच झाली. नवऱ्याचं नाव बदललं आणि नवरीचं राहिलं. पत्रिका वाटल्या गेल्या. पण स्थळ चांगलं होतं, लोक बोलले नाहीत." आणि ते इतक्या सहज हसले, की या माणसाला हे काम छापखान्यात वळवायचंय, असा मला दाट संशय आला.

शेजारच्या कमलबाई मूळच्या शिंदखेड्याच्या. गल्लीत फोन त्यांच्याचकडे, आणि गल्लीतल्या सर्वांच्या व्हिजिटिंग कार्डावर त्यांचाच नंबर. त्या म्हणाल्या, "भाऊ, बठ्ठा लोके तुमना घरमा देखतीन ना मग? चारूना फोटो कोणी बी देखी!" मी म्हटलं, सगळ्या लोकांना फोटो दाखवायचाच आहे. तर म्हणाल्या, "दाखाडणं येगळं नि देखणं येगळं." यात काहीतरी खोल होतं, पण चहा गार होत होता म्हणून मी विचार केला नाही.

मधल्या काळात इंटरनेटची जोडणी. ती ज्या कार्यालयातून मिळायची त्याचं नाव घेत नाही, कारण मला तिथे अजून जावं लागतं. खिडकीतल्या गृहस्थांनी अर्ज वाचून विचारलं, "जोडणीचं प्रयोजन?"

"लग्न."

"कुणाचं?"

"सगळ्यांचं."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सगळ्यांचं म्हणजे सगळ्यांच्या संमतीपत्रांच्या प्रती लागतील." मी स्वतः सरकारी माणूस, मला राग यायला हवा होता, पण माणसाबद्दल आदरच वाटला. असा बारकाईने अडवणारा माणूस हल्ली दिसत नाही. चार खेपा झाल्या. पाचव्या खेपेला मी चारूला नेलं, तिने 'प्रयोजन' या शब्दापुढे 'शैक्षणिक' लिहिलं आणि दहा मिनिटांत काम झालं. मुलीला एवढं सहज खोटं लिहिता येतं, हे पाहून मी घरी येईपर्यंत तिच्याकडे चोरून बघत होतो.

शेवटी साचाच ठरला, कारण तेवढ्यात चारूने तो बनवूनही टाकला होता. मी पडद्याकडे पाहिलं. 'नाव:' आणि पुढे मोकळं. 'उंची:' आणि पुढे मोकळं. 'शिक्षण, शेती, छंद, स्वयंपाक, संपर्क' आणि पुढे सगळीकडे वाळवंट. माझी छाती भरून आली, पण चांगल्या अर्थाने नाही.

"हे असं मोकळं ठेवायचं?"

"साचा आहे, पप्पा. माहिती आली की भरेल."

"आणि एखाद्याने माहिती दिली नाही तर?"

"तर ती ओळच दाखवायची नाही, किंवा 'सांगितलेले नाही' असं लिहायचं."

"'निरंक' लिही," मी म्हणालो.

सुनंदाबाई आतून कणकेच्या हाताने बाहेर आल्या. "मुलीची उंची निरंक? अहो, कुणाची पोर आहे का ती, की तिमाही अहवाल आहे?"

मग मी तोडगा काढला. साच्यात मोकळी जागा ठेवायचीच नाही. नमुना म्हणून चारूचीच माहिती आधी भरून ठेवायची. ज्याची माहिती येईल त्याची त्यावर बसेल. ज्याची येणार नाही तिथे नमुना राहील, पण कागद कोरा राहणार नाही. माहिती येणार नाही, असं होईलच कसं? लग्न कुणाला करायचं नाही? चारू म्हणाली, "पप्पा, हे करू नका." दोनदा म्हणाली. मी 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात माझं नाव लिहून सही केली, तेव्हा तिने हात जोडले आणि मी सांगेन तसं टाइप केलं. उंची पाच फूट तीन इंच. शिक्षण बी.सी.एस. छंद मेंदी, रांगोळी, भरतकाम. स्वयंपाक उत्तम. स्वभाव मनमिळाऊ. संपर्क कमलबाईंचा फोन. मी सांगत गेलो, ती टाइप करत गेली, एका ठिकाणी क्षणभर थांबली आणि परत टाइप करू लागली. मला वाटलं बोट दुखलं असेल.

फॉर्म यायला लागले. चारशे बारा आले. आणि आमची माणसं मला तेव्हा कळली. नाव सगळ्यांनी लिहिलं होतं. मामाचं गाव आणि आडनाव सगळ्यांनी ठसठशीत लिहिलं होतं, कारण आमच्याकडे मामाचं कुळ कळलं की निम्मं लग्न ठरतं. मी चाळलेल्या फॉर्मांत बाकी काही नाही! शेती किती हे कोणी लिहिलं नाही, कारण कागद सरकारदरबारी गेला तर? पगार लिहिला नाही, कारण भाऊबंदांना कळला तर? उंची लिहिली नाही, कारण 'फोटो लावला आहे', फोटो बसलेला. फोन नंबर लिहिला नाही, कारण कोणीही फोन करेल. यावलच्या एका वडिलांनी तर 'वडिलांचे नाव' हाही रकाना सोडला होता. मी स्वतः गावोगाव विचारायला गेलो, तर म्हणाले, "भाऊ, तुम्हाले काय करायचं आहे? समोरचा माणूस आला की सांगू तोंडी." माझ्यापेक्षा संशयी माणसं जगात आहेत, हे पाहून मला बरं वाटायला हवं होतं. पण उलट झालं. या चारशे बारा जणांना काय लपवायचंय, या विचाराने मला जेवण जाईना.

एप्रिलात चारूच्या क्लासमध्ये नारळ फोडून पानं सुरू केली. तोतारामआबांनी माउसला हळदकुंकू लावलं. दोन दिवस शांततेत गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी कमलबाई धावत आल्या. "भाऊ, सकायपाईन अकरा फोन उनात! कोणी रावेरनी पोरना इचारस, कोणी वरणगावना पोऱ्याना इचारस. मी काय सांगू?" मी म्हटलं, नंबर चुकला असेल. पण संध्याकाळपर्यंत फोन एकतीस झाले. फोन सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी कमलबाईंनी फोनजवळ खुर्ची आणि वही घेतली. तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच सल्ले देऊ लागल्या. "मी सांगी दिधं, भाऊ. ते घर चांगलं नही, पोरनी माय भांडखोर शे." चौथ्या दिवशी त्यांनी अमळनेरचं एक स्थळ परस्पर मोडलं आणि पाचव्या दिवशी दुसरं परस्पर जुळवलं.

मग अमेरिकेतून फोन आला. आबांच्या भावाचा मुलगा तिकडे असतो. तो हसत होता की रडत होता, हे कमलबाईंना सांगता येईना. फैजपूरकडचा एक पोलीस उपनिरीक्षक आहे, मिशीवाला, फोटोत टोपी घातलेली. त्याच्या पानावर लिहिलं होतं: छंद मेंदी, रांगोळी, भरतकाम. उंची पाच फूट तीन इंच. त्या उंचीला पोलिसात घेतच नाहीत, त्यामुळे त्याच्या नोकरीबद्दलच लोकांना संशय आला. पाठोपाठ सगळ्यांच्या ध्यानात आलं. वर असो, वधू असो, सगळा समाज पाच फूट तीन इंच. सगळे मनमिळाऊ. ट्रॅक्टर चालवणाऱ्यापासून डॉक्टरीणबाईपर्यंत सगळ्यांना मेंदी येत होती. आणि कुठल्याही स्थळासाठी फोन लावा, तो जीवराम चौधरीच्या शेजारी वाजायचा.

समाजाने याचा जो अर्थ काढायचा तो काढला. जीवरामने साऱ्या समाजाची स्थळं आपल्या घराकडे वळवली. जीवरामची पोरगी बघा, प्रत्येक पानात तीच घुसवली आहे. रुपचंद आमच्या ओट्यावर येऊन म्हणाले, "मी सांगितलं होतं." त्यांनी काहीही सांगितलं नव्हतं.

मी काय केलं? मी सगळ्यांवर संशय घेतला. प्रथम रुपचंदवर. मग जुन्या सूचीच्या चिटणिसावर. कॉम्प्युटरवर. त्या खिडकीतल्या गृहस्थांवर. शेवटी चारूसमोर उभा राहिलो. तिने भिंतीवरचा तक्ता काढला आणि 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यावर बोट ठेवलं. अक्षर सुरेख होतं. माझंच.

फैजपूरला तातडीची सभा लागली. मी खुलासा लिहून नेला होता, सहा पानी, परिच्छेदांना क्रमांक दिलेला. दुसऱ्या परिच्छेदातच मागून आवाज आला, "अन् मेंदीचं काय ते सांग!" इतकी माणसं एकाच वेळी माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती नजर मला चांगली ओळखीची होती. सहा मुलांकडे मी तसंच बघितलं होतं. फार वाईट वाटलं. खाली बसलो.

चारू उभी राहिली. "साच्यात माझी माहिती होती, ही आमची चूक. ती काढली आहे. आता ज्याने जे सांगितलं तेवढंच दिसेल, जे सांगितलं नाही तिथे तसं लिहिलेलं दिसेल. प्रत्येकाचं नवं पान छापून आणलंय." आणि तिने ज्याचं पान त्याच्या हातात दिलं.

तोतारामआबांनी आपल्या धाकट्या मुलाचं पान लांब धरून वाचलं. "उंची, सांगितलेले नाही. शेती, सांगितलेले नाही. शिक्षण, सांगितलेले नाही. स्वभाव, सांगितलेले नाही..." त्यांनी पान खाली केलं. "हे पोराचं पान आहे का पोलिसातला जबाब? अशा पोराले मीच पोरगी दिली नसती!"

बाजूला बसलेल्या त्यांच्या पत्नी शेवंताबाई हळूच म्हणाल्या, "पयलंच बरं व्हतं. त्याले निदान मेंदी तं येत व्हती."

कोणीतरी हसलं, मग सगळे हसले, आणि हसता हसता कोणी कोणाकडे पाहीना. पुढे जे झालं ते इतिवृत्तात आहे: काही सभासदांनी जुनाच साचा ठेवावा अशी सूचना मांडली आणि तिला सात अनुमोदनं मिळाली. आबांनी ती फेटाळली. सर्वांनी फॉर्म घरी नेऊन पुन्हा भरावेत असं ठरलं. माझ्याकडे कोणी राजीनामा मागितला नाही, तेव्हा मी तो दिला. तोही विचाराधीन आहे.

परतताना एस.टी.त चारू म्हणाली, "पप्पा, एक फॉर्म पूर्ण भरलेला होता. चारशे बारात एकच. साच्यातली माझी माहिती त्या पानावर कुठेच आली नाही."

"कुणाचा?"

"धुळ्याचा. देवपुरात राहतात. चुडामण नाव आहे, शाळेत विज्ञान शिकवतात." तिने पिशवीतून फॉर्म काढला. तिच्या पिशवीत तो कसा, हे मी विचारणार होतो. वाचायला लागलो आणि राहून गेलं. उंची पाच फूट चार इंच. शेती सव्वादोन एकर, बांधावरून चुलत्यांशी वाद चालू. केस पुढून कमी होत आहेत. स्वभाव: राग लवकर येतो, लवकर जातो. स्वयंपाक: भरीत आणि खिचडी येते, पोळ्या गोल होत नाहीत. फोटो उभा, पायांपर्यंत.

मी फॉर्म उलटा करून पाहिला, उजेडात धरून पाहिला. एवढं खरं लिहिणाऱ्या माणसाने काहीतरी फार मोठं लपवलेलं असणार.

"मला ही माणसं बघायची आहेत," चारू म्हणाली. आधीच्या सहा स्थळांत ती असं एकदाही म्हणाली नव्हती. "आणि तुम्ही धुळ्यात कोणाला काही विचारायचं नाही. न्हाव्याला नाही, दूधवाल्याला नाही. विचारायचं ते समोर, त्यांच्या घरात." हे सातवंही मोडलं तर आठवं येणार नाही, हे तिने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

मेमधल्या एका रविवारी आम्ही तिघं देवपूरला गेलो. मी शब्द दिल्याप्रमाणे कोणालाच विचारलं नाही; पांझरेच्या पुलावर एक ओळखीचा दिसला तर तोंड फिरवलं. फक्त खिशात कापडी टेप नेला होता. टेप बाळगणं म्हणजे चौकशी नव्हे.

मुलाचे वडील पुनानाना दारातच उभे होते. आई यशोदाबाई म्हणाल्या, "या, बठा. उनमा उनात." उन्हातून आलो म्हणून आधी पाणी झालं, मग चहा झाला. चुडामण समोर बसला, फॉर्ममध्ये लिहिलं होतं तेवढ्याच केसांचा. मी एकेक रकाना विचारत गेलो आणि तो एकेक उत्तर देत गेला, आणि प्रत्येक उत्तर जुळत गेलं. माझा संशय वाढतच होता. शेवटी माझ्याने राहवलं नाही. "गैरसमज करून घेऊ नका, पण उंची एकदा..." आणि मी टेप काढला.

सुनंदाबाईंनी डोळे मिटून घेतले. चारू जमिनीकडे पाहत होती. चुडामणचे कान लाल झाले. राग येतो असं लिहिलंच होतं. पण तो उठला, चपला काढल्या, दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहिला. मी त्याच्या डोक्यावर तळहात आडवा धरला. खूण केली. मोजलं. पाच फूट चार इंच. दोनदा मोजलं. तेवढंच.

"व्हयनं?" यशोदाबाई गोड आवाजात म्हणाल्या. "आते पोरले बी मोजी ल्या. बराबरीना मामला शे."

माझा हात टेपावर तसाच राहिला. पण चारू केव्हाच उठली होती. तिने चपला बाजूला काढल्या आणि त्याच चौकटीला, चुडामणच्या खुणेशेजारी, पाठ लावून सरळ उभी राहिली. टेप आता पुनानानांनी धरला होता. त्यांनी आकडा वाचला, आणि भल्या माणसाने तो हळू आवाजात वाचला.

पाच फूट एक इंच.

चारशे बारा जणांत फॉर्मवर खोटं कोणीच लिहिलं नव्हतं. त्यांनी फक्त लिहिलं नव्हतं. खोटं लिहिणारा एकच निघाला, आणि तो हातात पेन घेऊन लोकांचं खरं तपासत फिरत होता. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी चारूकडे वळलो आणि जे विचारायला नको होतं तेच विचारलं, "टाइप तूच केलंस ना? मग तेव्हा बोलली का नाहीस?"

चारू चौकटीपासून हलली नाही.

"तुम्ही लिहिलं होतं, पप्पा," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला मी तेवढी दिसत असेन."

मला चष्मा पुसावा लागला. बराच वेळ पुसावा लागला. मग यशोदाबाईंनी चारूला जवळ बसवून घेतलं, आणि चुडामण म्हणाला की भरीत केलेलं आहे, जेवूनच जा, पोळ्या मात्र आईने केल्या आहेत.